आइस हॉकी : कॉलेजच्या बेंचपासून प्रशिक्षकाच्या फळ्यापर्यंत

मराठी घरांतून मला येणारे फोन दोन प्रकारचे असतात. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल, तर आईवडील विचारतात की हा खेळ धोक्याचा तर नाही ना. आणि मुलगी सोळा-सतराची असेल, तर विचारतात की यातून कॉलेजचा प्रवेश आणि पुढे पोटापाण्याचे काही जमते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत देता येते. दुसऱ्याचे तसे देता येत नाही, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी मिनेसोटातल्या एका लहान कॉलेजच्या महिला आइस हॉकी संघाकडून चार वर्षे खेळले आणि २०१६ पासून याच खेळात प्रशिक्षक म्हणून काम करते. मी मोठी खेळाडू कधीच नव्हते. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी, कारण मी आज जी नोकरी करते, ती मला गोलांमुळे मिळालेली नाही.

आम्ही २००४ मध्ये पुण्याहून मिनेसोटात आलो, तेव्हा मी दहा वर्षांची होते. पुण्यात चार चाकांच्या स्केट्सवर मी शाळेच्या पटांगणात दोन वर्षे फेऱ्या मारल्या होत्या, त्यामुळे बर्फ म्हणजे आपल्या हातचा मळ, असा माझा समज होता. घराजवळच्या बागेत हिवाळा लागला की पालिकेचे कर्मचारी नळीने पाणी सोडून मैदान गोठवत असत आणि शेजारी एक लाकडी खोली उघडी ठेवत, जिच्यात हीटरपाशी बसून मुले स्केट्सच्या नाड्या बांधत. चाकांच्या स्केटला पुढे रबराचा ठोकळा असतो, तो टेकवला की थांबता येते. बर्फाच्या स्केटला तसे काहीच नसते, हे मला कडेच्या लाकडी कठड्यावर आपटल्यावर कळले. थांबायचे ते दोन्ही पाती आडवी घासून, आणि ते जमायला मला पूर्ण हिवाळा लागला. त्या वर्षी आई रोज खिडकीतून पाहत असे आणि मी पडले की पडदा ओढून घेत असे.

मिनेसोटात मुलीने हॉकी खेळण्यात कोणाला काही विशेष वाटत नाही, आणि ही माझी मोठी सोय झाली. मुलींच्या आइस हॉकीला शालेय खेळ म्हणून मान्यता देणारे हे अमेरिकेतले पहिले राज्य. ती मान्यता १९९४ ची आहे. ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी त्यानंतर, १९९८ साली नागानोत आली आणि अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवले. त्याही मागे जायचे तर १९७२ चा कायदा आहे, ज्याला सगळे जण ‘टायटल नाइन’ म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेद करता येणार नाही, असे तो सांगतो, आणि कॉलेजांनी महिलांचे संघ उभे केले त्यामागे या कायद्याचा धाक फार मोठा आहे. नव्या पालकांनी ही पार्श्वभूमी माहीत करून घ्यावी, कारण पुढे नोकऱ्यांची चर्चा निघते तेव्हा सगळे धागे तिथेच जाऊन पोचतात.

धोक्याच्या प्रश्नाचेही उत्तर देऊन टाकते. महिलांच्या कॉलेज हॉकीत पुरुषांसारखी अंगावर जाऊन धडक देता येत नाही; दिली तर दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. चेहऱ्यावर पूर्ण जाळी सक्तीची असते. तरीही पक, म्हणजे खेळातली चकती, कडक रबराचा असतो, कठडा हलत नाही आणि डोक्याला मार बसण्याची शक्यता खरीच असते, त्यामुळे डॉक्टरांनी खेळू नका म्हटले की खेळायचे नाही, एवढा नियम घरात आधीच ठरवून ठेवावा. सामान सुरुवातीला वापरलेलेच घ्यावे. मुलीचा पाय दर वर्षी वाढतो आणि सामानाच्या पिशवीला येणारा वास नव्या-जुन्या दोन्हींना सारखाच येतो.

कॉलेजच्या पातळीवरची रचना समजून घेण्यात बहुतेक मराठी पालकांची गफलत होते, म्हणून इथे थोडे थांबते. अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडासंघटनेने, म्हणजे एनसीएएने, महिलांच्या आइस हॉकीचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद २००१ मध्ये भरवले आणि ते मिनेसोटा-डुलुथने जिंकले. वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन एकमध्ये, खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते. एका संघाला १८ शिष्यवृत्त्यांची मर्यादा अनेक वर्षे होती. २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी ती जाऊन संघात २६ जणी अशी मर्यादा आली आहे. मात्र हार्वर्ड, प्रिन्स्टन, कॉर्नेल ही आयव्ही लीगमधली कॉलेजे डिव्हिजन एकमध्ये खेळूनही क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. डिव्हिजन तीनमध्ये तर खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. तिथे जे काही मिळते ते गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. माझे कॉलेज याच गटातले होते. हंगामात जास्तीत जास्त २५ सामने, शनिवार-रविवारचे बसप्रवास आणि सोमवारी सकाळी आठला प्रयोगशाळा. बाबांनी हिशेब मांडला आणि विचारले, “म्हणजे आपणच पैसे भरायचे आणि तू खेळायचंस?” मी हो म्हटले. गुणांवरची शिष्यवृत्ती बरी मिळाली होती, म्हणून विषय तिथेच मिटला.

मुलीला खेळायचेच असेल, तर डिव्हिजन तीनला कमी लेखू नका, असे मी आवर्जून सांगते. वरच्या गटातले प्रशिक्षक दहावी संपल्यावर १५ जूनपासून मुलींशी थेट बोलू शकतात आणि त्यांच्या याद्या त्याही आधीपासून तयार असतात. तिथे जागा मिळणाऱ्या मुली बहुधा त्या वयातच ठाऊक झालेल्या असतात. बाकीच्या सगळ्यांसाठी खालच्या गटातली कॉलेजे आहेत, आणि ज्या मुलीला पुढे प्रशिक्षक व्हायचे आहे तिच्यासाठी ती एका कारणाने अधिक चांगली आहेत. तिथे माणसे कमी असल्यामुळे सगळे काम डोळ्यांसमोर चालते.

पहिल्या वर्षी मी चौथ्या लाइनमध्ये होते. हॉकीत तीन फॉरवर्डची एक लाइन असते. अशा चार लाइन आणि दोघींच्या तीन डिफेन्स जोड्या आलटून पालटून बर्फावर उतरतात. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची, त्याहून लांबली तर पाय साथ सोडतात. चौथ्या लाइनच्या वाट्याला त्यातले फार थोडे येते, आणि सामना चुरशीचा झाला तर तीन पिरियडांपैकी शेवटच्यात काहीच येत नाही. पहिले दोन महिने मी बेंचवर रुसून बसत असे. मग एकदा आमच्या सहायक प्रशिक्षिकेने माझ्या हातात एक छोटी वही दिली आणि सांगितले की आपल्या डाव्या डिफेन्सकडे पाहा, ती बर्फावर आहे तोवर फक्त तिच्याकडे, पक कुठेही असो. ती किती वेळा मान वळवून मागे पाहते, तिची स्टिक बर्फावर टेकलेली असते की हवेत, शिफ्ट संपवून परत येताना ती जोरात येते की रेंगाळत, हे लिहायचे.

हे वाचायला सोपे आहे आणि करायला विलक्षण अवघड. नजर आपोआप पकमागे पळते. पहिल्या दिवशी वहीत चार ओळी लिहिल्या आणि त्यातल्या दोन गोलबद्दल होत्या. मग मला पुण्यातली खो-खो आठवली. पळणारी मुलगी मागे लागलेल्या गड्याकडे जितके पाहते, तितकेच बसलेल्यांकडे पाहते, कारण खो कोणाला मिळणार हे आधी ओळखले तरच पुढचा पाय कुठे टाकायचा ते ठरते. हॉकीतही पक असलेली मुलगी एकच असते. त्या क्षणी बर्फावरच्या उरलेल्या नऊ जणी आणि दोन गोलरक्षक काय करत आहेत, यावरून पुढच्या तीन सेकंदांत काय होणार ते ठरते. मार्च २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संघाने रिडर अरेनामध्ये बॉस्टन विद्यापीठाला ६-३ असे हरवून ४१-० असा हंगाम संपवला, तेव्हा मी प्रेक्षकांत होते. महिलांच्या कॉलेज हॉकीसाठीच बांधलेली ही देशातली पहिली रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, २००२ मधली. त्या सामन्याचा पहिला पिरियड मी वही घेऊन एकाच बचावपटूकडे पाहत घालवला, आणि पहिला गोल कसा झाला हे मला शेजारच्या मैत्रिणीला विचारावे लागले. तिने मला वेड्यात काढले.

तिसऱ्या वर्षी खांदा निखळला आणि सहा आठवडे मी बाहेर होते. प्रशिक्षकपदाची खरी उमेदवारी ती. मला वर, कॅमेऱ्याशेजारी बसवण्यात आले. सामना संपल्यावर रात्री व्हिडिओचे तुकडे करायचे, म्हणजे आपल्या क्षेत्रातून पक बाहेर काढण्याचा प्रत्येक प्रयत्न वेगळा कापायचा, जमलेले एका बाजूला आणि फसलेले दुसऱ्या बाजूला ठेवायचे, असे ते काम होते. एका सामन्यात असे प्रयत्न शेकड्याच्या आसपास जाऊ शकतात. तिसऱ्या रात्री मला दिसले की आमचे फसलेले प्रयत्न बहुतेक एकाच जागी फसत होते. पक घेतलेली डिफेन्स ठीक पास देत होती, पण पास घेणारी विंगर, म्हणजे कडेने खेळणारी फॉरवर्ड, कठड्याला पाठ लावून उभी राहण्याऐवजी तोंड कठड्याकडे करून उभी असायची, त्यामुळे मागून येणारी खेळाडू तिला दिसतच नव्हती. मी हे मुख्य प्रशिक्षकांना सांगितले. दुसऱ्या दिवशी सरावात दहा मिनिटे फक्त कठड्यापाशी कसे उभे राहायचे, हेच झाले. आपण खेळलो नाही आणि तरीही संघात काही बदलले, ही भावना मला त्याआधी कधी आली नव्हती.

आता नोकरीकडे वळते. कॉलेज संपताना तीन-चार वाटा दिसतात आणि त्या सगळ्या अरुंद आहेत. एक वाट पदव्युत्तर सहायकाची. एखाद्या कॉलेजात तुम्ही एमए किंवा एमएस करता, तुमची फी माफ होते किंवा कमी होते, थोडे मानधन मिळते आणि त्या बदल्यात तुम्ही संघाचे काम करता. मी ही वाट धरली आणि दोन वर्षांत व्यायामशास्त्रात पदवी घेतली. दुसरी वाट अर्धवेळ सहायकाची, ज्यात सकाळी शाळेत किंवा रिंकच्या कार्यालयात नोकरी आणि संध्याकाळी सराव असतो. तिसरी वाट शाळांच्या आणि वयोगटांच्या संघांची, जी कमी लेखली जाते, पण दहा वर्षांच्या मुलींना पाती कशी घासायची हे शिकवता आले, तर वीस वर्षांच्यांना काहीही शिकवता येते. कॉलेजात विनावेतन मदतनीस म्हणून काम करण्याची जुनी पद्धतही आहे. डिव्हिजन एकमध्ये ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ हे पदच २०२३ मध्ये रद्द झाले आणि माझ्या मते ते योग्यच झाले. मी स्वतः एका ठिकाणी एक उन्हाळाभर फुकट काम केले. शिबिर मी चालवले, फलकावर नाव दुसऱ्याचे होते आणि शेवटी मला एक टोपी मिळाली. ती टोपी अजून आहे.

कागदपत्रांची बाजू मात्र सोपी आहे. यूएसए हॉकी या राष्ट्रीय संघटनेचे प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत, पहिल्या पातळीपासून सुरू होणारे, आणि शिवाय ज्या वयाच्या मुलांना शिकवायचे त्या वयाचा वेगळा भाग पुरा करावा लागतो. मुलांच्या सुरक्षिततेबाबतचे सेफस्पोर्ट प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची आहे. हे सगळे कॉलेजात असतानाच उरकून घ्यावे. अर्जात ‘लवकरच करणार आहे’ असे लिहिणाऱ्या मुली पुष्कळ असतात.

माझा पहिला मोठा घोळ बेंचवरच झाला. सामन्यात सहायक प्रशिक्षिका डिफेन्सच्या दारापाशी उभी राहते, पुढची जोडी कोणती ते ओरडून सांगते आणि परत येणारीसाठी दार उघडते. दुसऱ्या पिरियडमध्ये संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपले बचावाचे क्षेत्र बेंचपासून लांब जाते आणि थकलेल्या डिफेन्सला परत यायला जास्त वेळ लागतो. हे मला पुस्तकात पाठ होते. प्रत्यक्षात काय झाले, तर आमच्या फॉरवर्डने पक समोरच्या क्षेत्रात टाकला, मी खुशीत “बदला!” असे ओरडले आणि नवी डिफेन्स उडी मारून उतरली, तेव्हा जुनी अजून मध्यरेषेपाशी होती. तेवढ्यात पक उसळून नव्या मुलीच्या स्केटवर आला. शिट्टी वाजली. बर्फावर गोलरक्षक सोडून आमच्या सहा जणी होत्या, पाच असायला हव्यात. संघाला दोन मिनिटांची शिक्षा झाली, त्या दोन मिनिटांत गोल बसला आणि सामना आम्ही एका गोलने हरलो. मुख्य प्रशिक्षक बेंचवर एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि एवढेच म्हणाल्या, “तू पककडे पाहत होतीस.”

ज्या गोष्टीवर मला नोकरी मिळाली होती, तीच मी पहिल्या महिन्यात विसरले. खेळाडू म्हणून वही घेऊन शांतपणे बसलेले असताना पकवरून नजर काढणे वेगळे आणि कानांत गोंगाट, हातात दार, समोर थकलेल्या मुली असताना काढणे वेगळे. तेव्हापासून मी दारापाशी उभी असताना आधी परत येणारीच्या खांद्यांकडे पाहते. खांदे पडलेले असले, तर ती हळू येणार आणि नव्या मुलीला एक श्वास थांबवायचे.

नवख्यांना वाटते की प्रशिक्षक म्हणजे दिवसभर बर्फावर. प्रत्यक्षात सरावाची वेळ दिवसाला जेमतेम सव्वा तास असते, कारण रिंक दुसऱ्या संघालाही हवी असते आणि मध्ये झांबोनी फिरून बर्फ गुळगुळीत करायला वेळ जातो. त्या सव्वा तासाचा आराखडा करायला मला सुरुवातीला तीन तास लागत, आणि तरी तो फसत असे, कारण मी फळ्यापाशी फार बोलत असे. एकदा एका खेळाडूने मनगटावरचे घड्याळ दाखवून सांगितले की कोच, आम्ही साडेचार मिनिटे उभ्या आहोत, पाय गार पडले. आता फळ्यापाशी अर्ध्या मिनिटाच्या आत बोलणे संपवायचे, असा माझा स्वतःपुरता नियम आहे, आणि ज्यांना कळले नाही त्यांना दुसऱ्या क्रमांकावर उभे करायचे; पहिलीचे पाहून कळतेच. अंगाने न धडकता समोरच्या खेळाडूला कठड्याकडे रेटत नेणे, ज्याला इथे ‘अँगलिंग’ म्हणतात, ते शिकवायला मी कबड्डीतली कोंडी वापरते. अमेरिकन मुलींना रिंकबाहेरच्या रबरी फरशीवर कबड्डी खेळायला लावली, तेव्हा त्यांना दोन डावांत कळले की चढाईपटूच्या मागे धावायचे नसते, तिची परतीची वाट बंद करायची असते.

लहान कॉलेजात सामान सांभाळायला वेगळा माणूस नसेल, तर पात्यांना धार लावण्याचे काम सहायकाकडे येते. हे काम शिकून ठेवा, असा माझा आग्रह आहे. स्केटच्या पात्याला खालून एक खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन धारा. खोबणीची त्रिज्या अर्धा इंच ही सर्वसाधारण निवड असते. त्रिज्या कमी केली की खोबण खोल होते आणि पाते बर्फाला जास्त धरते, वाढवली की घसरण चांगली मिळते. धार लावून झाल्यावर पात्यावर एक नाणे आडवे ठेवून पाहायचे. नाणे एका बाजूला कलले, तर एक धार उंच झाली आहे आणि ती मुलगी त्या बाजूला वळताना आपटणार. मी सुरुवातीला घाईत नाणे ठेवले नाही आणि आमच्या सर्वांत चपळ विंगरला पहिल्याच शिफ्टमध्ये तीनदा पाडले. ती उठून दर वेळी स्वतःच्या पायांकडे पाहत होती आणि मी दुसरीकडे.

उरलेला बहुतेक वेळ खेळाडू शोधण्यात जातो. पहाटे निघायचे, दिवसभर कुठल्या तरी गावातल्या थंडगार रिंकवर एकामागून एक सामने पाहायचे, आणि सोबत आईने दिलेला पोळी-चटणीचा डबा असला तर नशीब, नाहीतर रिंकच्या टपरीवरचा पॉपकॉर्न. गोल करणाऱ्या मुली सगळ्यांनाच दिसतात आणि त्या वरच्या गटातली कॉलेजे नेतात. मी पाहते ती चूक झाल्यावर मुलगी बेंचवर येऊन काय करते, पाण्याची बाटली शेजारणीला देते का, पक दुसऱ्या टोकाला असताना ती कुठे उभी असते. पालकांकडेही पाहते. मुलीच्या ईमेलमध्ये बाबांची भाषा असेल तर ती दोन ओळींत ओळखू येते. पत्र तिचे तिनेच लिहावे, चुका झाल्या तरी चालतील.

या नोकरीत पक्के असे काही नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने मार्च २०१७ मध्ये खर्चाचे कारण देऊन आपला महिला हॉकीचा संघच बंद केला. प्रशिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि खेळाडू इतर कॉलेजांत पांगल्या. पुढच्याच वर्षी प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळवून देणारा, बरोबरीनंतरच्या शूटआउटमधला गोल ज्या जोसलिन लामुरो-डेव्हिडसनने केला, ती याच विद्यापीठाची माजी खेळाडू. मुख्य प्रशिक्षक बदलला की नवा माणूस आपले सहायक घेऊन येतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाची चूक तुमचे घर हलवू शकते. लग्न, मुले, घर यांचा विचार असेल, तर नोव्हेंबर ते मार्च तुम्ही शनिवार-रविवारी घरी नसता, हे घरच्यांशी आधी बोलून घ्यावे. माझ्याकडे गेल्या नऊ दिवाळ्यांतल्या सात बसमध्ये झाल्या.

तरीही वर जाणाऱ्या वाटा आता दिसू लागल्या आहेत. नदीन म्युझरॉल मिनेसोटाकडून खेळली, तिथेच सहायक झाली, २०१६ मध्ये ओहायो स्टेटची मुख्य प्रशिक्षक झाली आणि तिच्या संघाने २०२२ व २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बॉस्टन कॉलेजची प्रशिक्षक केटी किंग क्राउली ब्राउन विद्यापीठाची खेळाडू आणि तीन ऑलिंपिक खेळलेली. कॉर्नेलकडून खेळलेली जेसिका कॅम्पबेल स्केटिंगचे धडे देत देत पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत गेली आणि २०२४ मध्ये सिॲटल क्रॅकनची सहायक प्रशिक्षक झाली; एनएचएलच्या, म्हणजे पुरुषांच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, बेंचवर पूर्णवेळ उभी राहणारी ती पहिली स्त्री. जानेवारी २०२४ पासून महिलांची व्यावसायिक लीगही सुरू आहे, म्हणजे तिथेही फळ्यापाशी उभे राहायला माणसे लागतात. दुसरीकडे विस्कॉन्सिनचा संघ २००२ पासून मार्क जॉन्सन यांच्याकडे आहे आणि सर्वाधिक विजेतेपदे त्यांचीच आहेत. महिलांच्या खेळात पुरुष प्रशिक्षक नकोत, असे मी म्हणत नाही. उलटा रस्ता मात्र अजून पायवाटेएवढाच आहे.

व्हिसाबद्दल दोन गोष्टी, कारण आपल्या घरांत हा प्रश्न येतोच. आमचे ग्रीन कार्ड २०१२ मध्ये, मी १८ वर्षांची असताना आले आणि मी वाचले. ज्यांच्या मुली आईवडिलांच्या व्हिसावर आहेत, त्यांचा तो आधार २१ व्या वर्षी संपतो आणि मग विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्यावर शिकणाऱ्या मुलीला पदवीनंतर मिळणारे वर्षभराचे काम तिच्या अभ्यासाच्या विषयाशी संबंधित असावे लागते. संगणकशास्त्राची पदवी आणि हॉकीची नोकरी यांचा संबंध दाखवणे कठीण जाईल. व्यायामशास्त्र, क्रीडाव्यवस्थापन, शिक्षण हे विषय असतील तर दाखवता येतो. त्यामुळे विषय निवडतानाच कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे, पदवी हातात पडल्यावर नव्हे.

महाराष्ट्रातूनही कधी कधी विचारणा होते. तिथे प्रामाणिक उत्तर द्यावे लागते. भारतातली आइस हॉकी मुख्यतः लडाखची आणि हिमाचलची आहे; तलाव गोठतात तिथे मुली खेळतात. भारतीय महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये फिलिपिन्सला हरवून त्याने पहिला विजय मिळवला आणि २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक आणले. पुण्या-मुंबईतल्या मुलीने चाकांवरची हॉकी जरूर खेळावी, स्केटिंगचा पाया तिथे पक्का होतो, पण तिथून थेट अमेरिकन कॉलेजच्या संघात जागा मिळेल, असे कोणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. क्रीडाविज्ञान किंवा व्हिडिओ विश्लेषण शिकायला येऊन एखाद्या संघाच्या कामात शिरणे मात्र शक्य आहे, आणि तिथे सामना पाहता येणे हे स्वतः खेळलेले असण्यापेक्षा अधिक कामाला येते.

जागांच्या जाहिराती हंगाम संपल्यावर, मार्चपासून पुढे निघू लागतात. गेल्या वर्षी आमच्याकडची सहायकाची जागा भरायची होती आणि निवड माझ्यावर सोपवली होती. शेवटच्या पाच जणींना मी एकाच सामन्यातला चार मिनिटांचा तुकडा दाखवला आणि काय दिसले ते विचारले. चौघींनी गोलबद्दल सांगितले, आणि चांगले सांगितले. पाचवीने विचारले, “जरा मागे घेता का?” मग ती म्हणाली की गोलच्या वीस सेकंद आधी त्यांच्या डाव्या डिफेन्सने बदली व्हायला हवे होते, ती आली नाही, आणि तिच्या खांद्यांवरून ते दिसत होते. तिच्या स्वतःच्या नावावर चार वर्षांत मिळून अकरा गोल होते. ती ऑगस्टमध्ये रुजू झाली. पहिल्या आठवड्यात मी तिला धार लावण्याच्या यंत्रापाशी नेले आणि खिशातून नाणे काढून दिले.